तिसरा हवालदार

हवालदार हे हवालदार नव्हते. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची आणि खऱ्यांवर शिक्का मारायचा, हे त्यांनी निवृत्त होईपर्यंत इमानेइतबारे केलं. पण इमारतीत त्यांना सगळे हवालदार म्हणत, आणि हा आळ त्यांनी स्वतःच ओढवून घेतला होता. कोणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत ते कसाबसा धीर धरत. चहा आला की बशी पुढे ओढत आणि म्हणत, "आम्हीही एकदा टीव्हीवर काम केलंय, बरं का."

काम म्हणजे काय, तर 'चौकी नंबर सात' नावाची पोलिसांची एक मालिका फार पूर्वी लागायची. तिच्या एका भागात ते तिसरे हवालदार होते. पहिला हवालदार दार ठोठावतो, दुसरा ते तोडतो, आणि आत चोरीची सोन्याची वीट सापडली की तिसरा ती तोलतो. या प्रसंगासाठी मालिकावाल्यांनी खात्याकडून खराखुरा तराजू मागवला होता, आणि तराजूला कोणी वेडावाकडा हात लावू नये म्हणून सोबत यांना धाडलं होतं. ठरलेला नट उगवलाच नाही. गणवेश यांना बसला. वाक्य एकच होतं : "साहेब, वजन बरोबर आहे."

यावर विश्वास कोणाचाच नव्हता. जिन्यात मुलं सलाम ठोकत. वरच्या मजल्यावरचे वकील भेटले की गुन्हेगारी वाढलीय का कमी झालीय याची चौकशी करत. आणि खुद्द बायको, हे गोष्ट सांगायला लागले की दूध उतू गेलं का बघायला आत जाई. गॅसवर दूध नसलं तरी जाई.

हे सगळं हवालदारांनी हसण्यावारी नेलं होतं. प्रकरण चिघळलं ते मुलीच्या लग्नानंतर. कारण व्याही निघाले पोलीस इन्स्पेक्टर. निवृत्त, पण खरे.

पहिल्याच भेटीत, चहा आल्याबरोबर, हवालदारांनी गोष्ट सांगितली. व्याह्यांनी ती शांतपणे ऐकली. मग कप खाली ठेवून विचारलं, कोणता भाग? कोणाचं दिग्दर्शन? प्रसंग घडताना हजर असलेला एखादा साक्षीदार? हवालदारांकडे यांतलं काहीच नव्हतं. व्याही म्हणाले, "हं."

तो 'हं' साधा नव्हता. त्यांच्या त्या एका 'हं'वर भल्याभल्यांनी कबुलीजबाब दिले असणार. तरी तोही चालला असता. पण निघताना जिन्यात व्याही आपल्या मुलाला हळूच म्हणाले, आणि वरच्या कठड्याला टेकून निरोपाचा हात हलवत असलेल्या हवालदारांना ते स्पष्ट ऐकू आलं, "माणूस चांगला आहे रे. थोडं वाढवून सांगतो, एवढंच."

वाढवून! ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचे पासंग पकडले, तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला चिंचोक्याएवढा तुकडा नखाने खरवडून काढला, त्याच्यावर वाढीव मापाचा आरोप. हवालदार त्या रात्री जेवले, पण चवीने नाही. हे किटाळ काढल्याशिवाय मुलीच्या घरी पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

*

ब्रेक

ब्रेकमध्ये वकिलांचा सल्ला ऐकून घेऊ. वकिलांचं म्हणणं, यात अवघड काहीच नाही. हवालदारांनी स्वतःच प्रतिज्ञापत्र करावं की मी तो हवालदार आहे. ते व्याह्यांना रीतसर बजावावं. त्यांनी ठराविक मुदतीत उत्तर दिलं नाही तर त्यांना मान्य आहे असं समजावं. मुलीच्या सासरी नोटीस पाठवायची का, असं हवालदारांनी विचारलं. वकील म्हणाले, नात्यातल्या नोटिसा सगळ्यात लवकर पोचतात.

ब्रेक संपला.

*

जावयाने एक दिवस सहज सांगितलं की ती जुनी मालिका आता कोणीतरी इंटरनेटवर चढवतंय, दररोज दुपारी एक भाग. त्याने टीव्हीला काहीबाही जोडून दिलं आणि तो गेला. आपण काय करून ठेवलं, याची त्याला कल्पना नव्हती.

अडचण अशी की आपला भाग कोणता, हे हवालदारांना आठवत नव्हतं. लागला त्या दिवशी ते दौऱ्यावर होते. एवढंच आठवत होतं की त्यात सोनं होतं आणि एक राखाडी कपाट होतं. पण 'चौकी नंबर सात'च्या प्रत्येक भागात सोनं होतं, आणि कपाट तर एकच होतं. सावकाराच्या घरी तेच, डॉक्टरच्या दवाखान्यात तेच, आणि साक्षात चौकीतही तेच. म्हणून मग सगळेच भाग पहिल्यापासून बघणं आलं.

पहिल्या दुपारी बायको निवडायचं टिपायचं घेऊन शेजारी बसली, ती केवळ यांची गंमत बघायला. पण थोड्या वेळाने तिचे हात थांबले.

"अहो, हा तर मेला होता ना?" ती म्हणाली. "मघाच्या भागात विहिरीत सापडला होता. आता कंपाउंडर कसा?"

तिथून बाईंना वेगळंच दालन उघडलं. त्या मालिकेत मोजून एक मूठभर नट होते आणि ते आळीपाळीने सगळं करत. काल ज्याने खून केला तो आज न्यायाधीश. मिशी लावली की जमीनदार, काढली की त्याचाच मुलगा. एकाही नटाचं नाव तिला ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. ती त्यांना त्यांच्या करणीवरून ओळखे. हा दूधवाला. ही विष घालणारी. हा उगाच घाबरणारा. चष्मा लावा, दाढी चिकटवा, बुरखा घाला, ती पहिल्या पावलात धरत असे. एकदा नुसता दाराआडून आलेला खोकला ऐकून तिने सांगितलं की हा उगाच घाबरणारा, आणि होता तोच.

तिचा जीव जडला तो एका नेहमी मरणाऱ्यावर. सडपातळ, सभ्य चेहऱ्याचा माणूस. आला, की दहा मिनिटांत त्याचा मुडदा पडे. चांगल्या घरचा दिसतो, ती म्हणायची, पण एकदाही त्याला धड म्हातारं होऊ देत नाहीत. हळूहळू इमारतीतल्या बायका दुपारच्या यायला लागल्या. कोण मरणार यापेक्षा आलेला माणूस मागच्या भागात कोण होता यावर जास्त वाद होत, आणि निकाल वहिनींचा. त्यांच्या निकालावर कोणी अपील करत नसे.

हवालदारांना मात्र या सगळ्यात काही दिसत नव्हतं. त्यांना फक्त स्वतःला बघायचं होतं, आणि ते स्वतः येत नव्हते.

तळमजल्यावर फोटोवाल्याचा स्टुडिओ होता. त्याने शास्त्रीय तोडगा काढला. तो म्हणाला, माणसाचं सगळं बदलतं, कान बदलत नाहीत. त्याने हवालदारांच्या दोन्ही कानांचे मोठे फोटो काढले आणि ते टीव्हीच्या दोन बाजूंना चिकटवायला दिले. लांबून पाहिलं तर टीव्हीलाच कान फुटल्यासारखे दिसत. हवालदार प्रामाणिकपणे कान बघायला लागले. खून झाला तरी त्यांची नजर कानावर. मग हे खूळ रस्त्यावरही त्यांच्यासोबत यायला लागलं. एकदा त्यांनी एका कानाला ओळखून रस्ता ओलांडून नमस्कार केला. तो कान एका संपूर्ण परक्या गृहस्थाचा निघाला आणि ते गृहस्थ बराच वेळ पाकीट चाचपत उभे राहिले.

*

मागील भागात

(इमारतीच्या पहारेकऱ्याने सांगितल्याप्रमाणे) दुसऱ्या मजल्यावरचे काका पूर्वी पोलिसात होते. तिथे सोन्याच्या वजनात काहीतरी गडबड झाली म्हणून त्यांना काढलं. आता त्यांचे व्याही चौकशी करताहेत. काकांच्या कानांचे फोटोही घेतलेत. पुढे काय होतं बघायचं.

*

एके संध्याकाळी दोघं दिवे घ्यायला विजेच्या दुकानात गेले होते. बायकोने एकदम यांचं कोपर धरलं आणि कुजबुजली, "अहो, तो बघा. आपला नेहमी मरणारा."

गल्ल्यापाशी एक वृद्ध गृहस्थ दिवा लागतो का हे तपासून घेत होते. केस पांढरे, पाठ वाकलेली, पण बाईंची खात्री पक्की. हवालदार पुढे झाले. अशा वेळी कशी सुरुवात करावी याचा काही संकेत नसल्याने त्यांनी सरळ विचारलं, "तुम्हीच ना विहिरीत सापडला होतात?"

दुकानदाराने दिवा काढून घेतला. त्या गृहस्थांचा चेहरा मात्र उजळला. इतक्या वर्षांत त्यांना प्रथमच कोणीतरी ओळखलं होतं. त्यांनी बाईंना विचारलं की तुम्हाला माझं कोणतं मरण आवडलं, आणि बाईंनी क्षणभरही न अडखळता सांगितलं, जिन्यावरचं. गृहस्थ म्हणाले, ते त्यांचंही आवडतं होतं. पायऱ्या खऱ्या होत्या.

हवालदारांनी मग आपला मुद्दा काढला. सोन्याच्या विटेचा भाग आठवतो का? तिसरा हवालदार?

"मी मेल्यावर पुढचं मला काही ठाऊक नसायचं," ते दिलगिरीने म्हणाले. "मी घरी जायचो."

पण त्यांनी एक वाट दाखवली. टीव्हीच्या कार्यालयात जुन्या कार्यक्रमांचा नोंद विभाग आहे, तिथे कुठल्या भागात कोण होतं ते सापडेल. हवालदारांना वाटलं, झालं. सरकारी कचेरीत उभी हयात गेलेल्या माणसाला नोंद विभागाचं काय भय?

नोंद विभागात एक बाई होत्या आणि त्यांच्यापुढे छतापर्यंत काच होती. काचेला भोक होतं, पण ते इतकं खाली की बोलायचं तर वाकावं लागे. हवालदारांनी आयुष्यभर दुकानदारांना असंच वाकवलं होतं. आज त्यांना ती उंची समजली. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं की कलाकारांच्या यादीत तुमचं नाव आहे का? हवालदार म्हणाले की नाव नाही, शेवटी 'आणि इतर' असं येतं, त्यात मी आहे.

"मग 'इतर' असल्याचा पुरावा आणा."

"तो पुरावा त्या भागातच आहे."

"भाग बघायची परवानगी कलाकारालाच मिळते."

"मी कलाकारच आहे."

"तुम्ही इतर आहात," बाई समजुतीने म्हणाल्या. नियमाच्या बाहेर जाऊन मदत करायची म्हणून त्यांनी हेही सांगितलं की सगळ्या 'इतर'नी मिळून अर्ज केला तर विचार होऊ शकतो. हवालदार काचेच्या भोकातून वर आले तेव्हा कंबर धरली होती. घरी येऊन त्यांनी ती शेकली आणि कानांचे फोटो टीव्हीवरून काढून टाकले.

आणि दुसऱ्याच दुपारी, भाग संपल्यावर, पडद्यावर पुढच्या भागाचं नाव आलं : 'सराफाच्या दुकानातलं रहस्य'. हवालदार उठून उभे राहिले. सराफ. दुकान. तोच.

इथे कोणाही शहाण्या माणसाने काय केलं असतं? भाग लागल्यावर आधी एकट्याने बघितला असता. आहोत याची खात्री करून मग चार लोकांना बोलावलं असतं. पण हवालदार खात्याचे होते. जप्त केलेल्या वजनांची पिशवी पंचांसमोरच उघडायची असते. आधी उघडून बघितली की तिची किंमत शून्य. वकिलांनीही दुजोरा दिला. आणि व्याह्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, अगदी बरोबर, तुम्ही तो भाग बिलकूल बघू नका, मीही बघत नाही, सर्वांसमक्ष बघू. रविवार ठरला. भाग आला, पण हवालदारांनी त्याला हात लावला नाही. बायकांची दुपारची बैठकही त्या दिवशी बंद ठेवण्यात आली.

रविवारी इमारतीचा तळमजल्यावरचा हॉल भरला. फोटोवाल्याने प्रोजेक्टर लावला, भिंतीवर चादर ताणली. चादरीला घडीची रेघ होती, त्यामुळे प्रत्येकाचं नाक थोडं दुमडलेलं दिसे, पण इलाज नव्हता. पुढच्या रांगेत व्याही बसले, शेजारी हवालदार, इस्त्रीच्या शर्टात, हात मांडीवर. मुलगी-जावई मागे. पहारेकरीही दार सोडून आत आला.

व्याही मध्येमध्ये खात्याच्या वतीने निषेध नोंदवत होते. असं कोणी प्रेताला हात लावत नाही. असा कोणी पंचनामा लिहीत नाही. वहिनी माणसं सांगत होत्या, सराफ म्हणजे मागचा तुरुंगाधिकारी, त्याची बायको म्हणजे विष घालणारी, आणि हॉल माना डोलावत होता.

मग दुकान आलं. पहिल्या हवालदाराने दार ठोठावलं. दुसऱ्याने तोडलं. कपाट उघडलं, राखाडी. वीट निघाली. आणि एक पाठमोरा हवालदार तराजू घेऊन आत आला.

"हे मी," हवालदार म्हणाले.

त्या पाठीने तराजू टेबलावर ठेवला. वीट पारड्यात ठेवली. आणि ती पाठ वळायला लागली.

*

ब्रेक

होय, इथेच. त्या मालिकेतही असंच करत.

तेवढ्यात, चित्रीकरणाच्या दिवशी नेमकं काय झालं ते सांगून टाकू. हा भाग हवालदारांच्या गोष्टीत नेहमी शेवटी होता, आणि ते तिथवर पोचेपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा संपलेला असे. वीट पारड्यात ठेवली तेव्हा निरीक्षकांनी सवयीने काटा स्थिर होऊ दिला आणि बघितलं. कागदावर विटेचं जे वजन लिहिलं होतं, तेवढं भरत नव्हतं. ते म्हणाले, "साहेब, वजन कमी भरतंय." दिग्दर्शक म्हणाला, तुमचं वाक्य ते नाही. पुन्हा घेतलं. पुन्हा काटा बघितला, पुन्हा कमी. दिग्दर्शकाने समजावलं की अहो, वीट लाकडाची आहे, वर रंग दिलाय. निरीक्षक म्हणाले, मग तर कमी भरणारच, आणि खात्याचा शिक्का असलेल्या तराजूवर मी खोटं वजन कसं बोलू? दिवे तापले, मुख्य इन्स्पेक्टरच्या मिशा घामाने सुटल्या. शेवटी केवळ त्या सगळ्यांची दया येऊन ते म्हणाले, "साहेब, वजन साधारण बरोबर आहे." दिग्दर्शकाने दोन्ही हात जोडले. छान झालं, म्हणाला, तुमचं काम संपलं, या आता तुम्ही.

'साधारण' हा शब्द त्यांना घरी येईपर्यंत टोचत राहिला. पण काम छान झालं असं दिग्दर्शक स्वतः म्हणाला होता, आणि दिग्दर्शकाच्या बोलण्यावर संशय घेण्याचं त्यांना काही कारण नव्हतं.

ब्रेक संपला.

*

पाठ वळली. गोल चेहरा, जाड भुवया, गलेलठ्ठ गाल. भरघोस आवाजात तो माणूस म्हणाला, "साहेब, वजन बरोबर आहे."

तो हवालदार नव्हता. म्हणजे, हवालदार होता. पण हवालदार नव्हते.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही, आणि हे हसण्यापेक्षा वाईट होतं. वकील चष्मा पुसायला लागले. मुलीने खाली बघितलं. व्याही पडद्याकडेच बघत राहिले, तो त्यांचा चांगुलपणा. हवालदारांना चादरीवरची ती रेघ आपल्याच अंगावरून गेल्यासारखी वाटली.

"हेच," मागून बायकोचा आवाज आला. अगदी रोजच्यासारखा, वाद निकालात काढण्याचा. "तेव्हा गाल भरलेले होते यांचे. भुवयाही होत्या."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. व्याही खुर्चीतच वळले. "विहीणबाई, नक्की?"

"मी या चेहऱ्याकडे रोज बघते."

फोटोवाल्याने शास्त्राला जागून कानांचा विषय काढला. कान टोपीखाली गेलेत, असं उत्तर मिळालं. वकिलांनी आवाजाचं विचारलं. सर्दी झाली होती, त्या म्हणाल्या, रात्री वाफ मीच दिली होती. मग त्यांनी हॉलभर नजर फिरवून विचारलं की इतक्या दिवसांत आपण कोणाला ओळखण्यात चुकलो आहोत का? नव्हत्याच चुकल्या. सगळ्यांना ते माहीत होतं.

व्याही उठले. त्यांनी हवालदारांचा हात हातात घेतला आणि सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं की आपण एक शब्द बोललो होतो, तो मागे घेतो. टाळ्या पडल्या. पहारेकऱ्याने सलाम केला, आणि या वेळी तो थट्टेचा नव्हता. मुलगी येऊन बिलगली. हवालदारांनी जिथे बघावं तिथे कौतुक होतं, म्हणून त्यांनी मान खाली घातली. लोकांनी तो विनय समजला.

घरी आल्यावर त्यांनी दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

"तो मी नव्हतो."

"ठाऊक आहे," बायको म्हणाली. "तो दूधवाला. विहिरीच्या भागातला."

"मग?"

"मग काय. तुमचं तोंड बघवेना."

हवालदार खुर्चीत बसले. खरं सांगत होतो तेव्हा कोणी ऐकलं नाही, ते म्हणाले, आणि आज खोटा ठरलो तर टाळ्या. मग जे विचारायचं इतकी वर्षं राहिलं होतं ते विचारलं. निदान तुला तरी कधी वाटलं का, की मी खरं सांगतोय?

"त्या दिवशी घरी आलात तेव्हा गळ्यापर्यंत गुलाबी पावडर होती," ती म्हणाली. "आपलं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी कॉलर पुढे धरली आणि विचारलं, हे काय? तर तुम्ही मला तराजू, काटा, लाकडी वीट सगळं पहिल्यापासून सांगितलंत. इतकी कंटाळवाणी थाप कोणी मारत नाही. तेव्हाच पटलं."

हवालदारांना यात आनंद मानावा की नाही ते कळेना. त्यांनी तो मानला. पण रात्रभर कूस बदलत राहिले. खोटं माप ते खोटं माप. आपल्या बाजूने झुकलं म्हणून शिक्का मारता येत नाही. सकाळी अंघोळ करून ते तडक व्याह्यांकडे गेले.

व्याही एकटेच होते, टीव्हीपुढे. चहा टाकतो म्हणाले. हवालदारांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की चहा नको, कालचा तो माणूस मी नव्हतो, आमची ही माझ्यासाठी खोटं बोलली, मागे घेतलेला तो शब्द तुम्ही पुन्हा माझ्यावर ठेवा.

"बसा," व्याही म्हणाले. "ते मला तेव्हाच कळलं. साक्षीदार खोटं बोलतोय हे पहिल्या वाक्यात कळतं. पण इतकी चांगली साक्ष मी नोकरीत ऐकली नव्हती. ती मोडायची माझी छाती नाही. ती कायम."

मग त्यांनी रिमोट उचलला. ते म्हणाले, दार तुटतं तेव्हा सगळे दाराकडे बघतात, आम्हाला मात्र बाहेरून कोण सटकतंय ते बघायची सवय. काल हॉलमध्ये एक माणूस दिसला, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. कथेत त्याचं काही काम नाही. नुसता येतो आणि जातो. मला तो संशयित वाटतो.

पडद्यावर तेच दुकान होतं. वीट निघाली, गोल चेहऱ्याचा हवालदार वळायला लागला, आणि त्याच्या खांद्यामागच्या खिडकीतून रस्ता दिसत होता. रस्त्यावरून एक किडकिडीत तरुण चालला होता. अंगात साधा शर्ट, बटणं एकेक घर चुकवून लावलेली. जाताजाता त्याने मान वळवून सरळ दुकानात बघितलं, जणू आत काही गैरप्रकार चाललाय आणि आपण तो थांबवू शकत नाही.

व्याह्यांनी चित्र थांबवलं.

हवालदार वाकून बघत राहिले. त्यांना तो मुलगा लगेच ओळखता आला नाही. त्याचे केस फार काळे होते.

"हा मी," ते शेवटी म्हणाले.

"वाटलंच मला." व्याह्यांनी त्या चिडलेल्या चेहऱ्याकडे बघितलं, मग शेजारच्या चेहऱ्याकडे. "एवढा संताप कशाचा?"

"वजन कमी भरत होतं."

व्याह्यांनी रिमोट बाजूला ठेवला.

"किती?"

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता. हवालदारांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, चहा टाकाच आता. आणि तराजू कुठे ठेवला होता, तिथपासून सुरुवात केली.